वादीत माणूस

हैल-सिद्र, १४ ऑक्टोबर १९९६

खल्फान,

तुझ्यावर सलाम असो. सलाम करणं माझं कर्तव्य आहे म्हणून केला. आता कामाचं बोलते.

तुझं पत्र मिळालं. तिन्ही पानं मिळाली. पहिल्या पानावर झांझिबारच्या लवंगांचा वास, दुसऱ्यावर मामाच्या घराचा समुद्राकडचा सज्जा, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जागा संपत आल्यावर, माझा नवरा. वर मला 'माझ्या आईसारख्या बहिणी' म्हटलं आहेस. जन्मात कधी म्हटलं नव्हतंस. लहानपणी मला 'हवालदारीण' म्हणायचास, तेच बरं होतं.

तू लिहितोस, 'जे झालं ते नशिबात होतं.' अल्लाने काय लिहून ठेवलं होतं ते मला ठाऊक नाही. त्या गुरुवारी दुपारी गाडीची किल्ली कोणाच्या हातात होती ते मात्र ठाऊक आहे. पलीकडच्या गावातल्या टवाळांनी एक बकरी पैजेला लावली आणि तू गाडी पाण्यात घातलीस. सरकारी खांबावर पाणी लाल पट्ट्याच्या वर चढलं होतं. आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की पाणी पांढऱ्यावर असेपर्यंत उतरावं, लालला लागलं की काठावर बसून खजूर खावेत. वर्षातले साडेतीनशे दिवस कोरडी ठणठणीत असणारी वादी ती, एका दुपारपुरती नदी होते आणि उतरून जाते. दोन तास थांबायला तुला काय झालं होतं? पलीकडे तुझं कोण आजारी होतं? कोणाचं लग्न अडलं होतं?

पण या सगळ्यापेक्षा मला तुझं एक वाक्य झोंबलं. 'जीव माझा होता, मी पणाला लावला. मी कोणाला बोलावलं नव्हतं.'

बोलावलं नव्हतंस? गाडी आडवी झाल्यावर टपावर उभा राहून दोन्ही हात हलवत होतास, ते काय माशा हाकलत होतास? आणि आपल्या गावात बुडणाऱ्याने बोलवावं लागतं का रे कधी? ज्याला दिसेल त्याने छपरावर चढून ओरडायचं, 'वादीत माणूस!' ते ज्या घरात ऐकू जाईल त्या घरातल्या एका पुरुषाने हातातलं टाकून निघायचं. जो निघाला नाही, त्याला सबल्याच्या बैठकीत सगळ्या गावासमोर वगळून कॉफीचा पेला पुढे जातो. मग तो माणूस गावात राहतो, पण असून नसल्यासारखा. हे तू आईच्या दुधाबरोबर प्यायला आहेस. गाडी घालताना तुला पक्कं माहीत होतं की आपण अडकलो तर सतरा घरांतून सतरा माणसं धावणार. त्या भरवशावर तर तू उतरलास. आणि आता झांझिबारच्या सज्जात बसून म्हणतोस, बोलावलं नव्हतं.

त्या दिवशीही कोणीतरी छपरावरून हाक दिली. मुहन्ना जेवत होता. पहिला घास तोंडात होता. तोंड न धुता निघाला. दोरीचा पहिला मानकरी तो, बारा वर्षं. पहिल्याने कमरेला फास बांधून पाण्यात जायचं, बाकीच्यांनी काठावरून धरायचं. तो तुझ्यापर्यंत पोचला. दोरी एकच होती. त्याने ती आपल्या कमरेची सोडली आणि तुझ्या कमरेला बांधली. स्वतः नुसत्या हातांनी धरून राहिला. वरून खजुराचं खोड आलं. हे मी तुला सांगत नाही, तू ते माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहेस. पण तुझ्या पत्रात त्या खोडाचा उल्लेख नाही, म्हणून लिहिलं. तो आम्हाला दोन दिवसांनी खालच्या बाभळींत सापडला.

आता तुझी मागणी. मी सबल्यात निरोप पाठवावा की माझ्या मनात भावाबद्दल काही नाही, म्हणजे आपल्या गावचा शेख तुला गावात येऊ देईल आणि तू रमजानची ईद घरी करशील. आईने तुझं पत्र मला तीनदा वाचायला लावलं आणि तीनदा रडली. नवरा गेल्यानंतरच्या माझ्या इद्दतीचे अजून बारा दिवस आहेत. मी उंबरठा ओलांडत नाही, कोणा परक्याचं तोंड बघत नाही. माझी नऊ वर्षांची रय्या बापाच्या चपला रोज पुसून ठेवते. आणि तुला ईदेच्या मटणाचा वास आठवतो आहे.

नाही. माझ्या मनात भावाबद्दल पुष्कळ काही आहे.

जुवैना


हैल-सिद्र, १९ नोव्हेंबर १९९६

खल्फान,

या वेळी सलाम मनापासून, कारण या वेळी तू निदान भांडलास. लवंगा नाहीत, समुद्र नाही. मला हे पत्र जास्त आवडलं, म्हणजे राग जास्त आला.

तू मौज़ाची आठवण काढलीस. काढणारच होतास, मी वाटच पाहत होते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सुलैमची बायको मौज़ा बाळंतपणात अडली, वादी वाहत होती, दवाखाना पलीकडे, आणि तू तिला गाडीत घालून पार नेलंस. मुलगा झाला, दोघं जगली. तू विचारतोस, 'तेव्हा तर सगळ्या गावाने खांद्यावर घेतलं होतं. तूच माझ्या डोक्यावरून लोबानचा धूर फिरवला होतास. तेव्हा मी वाघ आणि आता खुनी? पाणी तेच, गाडी तीच, मीही तोच.'

आधी माझ्या वाट्याचं कबूल करते. हो, लोबान मी फिरवला. फलजच्या पाटाच्या काठावर कपडे धुताना चार बायकांत मीच सांगत सुटले होते की माझ्या भावाच्या काळजाला भीती म्हणून नाही. पोराटोरांनी तुझ्या गाडीच्या चाकाचे ठसे बोटाने मोजले, मी हसत उभी राहिले. तू शेफारलास त्यात माझाही हात आहे. गावाचा तर आहेच. ज्या सबल्यात आज तुझं नाव घेत नाहीत, तिथेच तुला शेखच्या उजव्या हाताला बसवलं होतं, आणि पहिला पेला तुला. इतकं सगळं झाल्यावर तेवीस वर्षांच्या माणसाचे पाय जमिनीवर राहतील कसे? हे मी मान्य करते, आणि मान्य करताना माझा तिळपापड होतो.

पण खल्फान, तुला त्या दिवशीच्या टाळ्या तेवढ्या आठवतात. बाकी आठवतं का? मला आठवतं, कारण मी दुपटी-पांघरुणं घेऊन काठावर होते.

त्या दिवशी तू तासभर गाडी सुरू ठेवून उभा होतास. मुहन्ना काठी घेऊन गुडघाभर पाण्यात शिरला आणि तळ चाचपत गेला. परत येऊन म्हणाला, "आत्ता नाही. वरचा लोट येऊन जाऊ दे." तू हॉर्न वाजवत होतास, तर खिडकीतून हात घालून त्याने तुझा कान धरला. म्हणाला, "बाई तुझ्या गाडीत आहे, तुझ्या मिशीत नाही. थांब म्हटलं की थांब." लोट येऊन गेला. दोन्ही काठांवर माणसं दोऱ्या घेऊन उभी राहिली. खालच्या वळणावर आणखी चौघं. मग त्याने हात वर केला, आणि मग तू गेलास. तीस पावलांचं पाणी पार करायला चाळीस माणसांचे डोळे तुझ्यावर होते. मौज़ाला विचारलं होतं. सुलैमला विचारलं होतं. शेखला विचारलं होतं. धोका होता, पण तो सगळ्यांनी मिळून पत्करला होता, आणि कशासाठी ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

जूनमध्ये कोणाला विचारलंस? त्या बकरीला?

तू पैजेला गाडी घातलीस त्या दिवशी मुहन्ना सकाळी मला म्हणाला होता, "वर डोंगरात काळं दिसतंय, खल्फानला सांग आज पलीकडे जाऊ नको." मी सांगितलं होतं तुला. तू म्हणालास, "हवालदारीण, मला वादी शिकवू नकोस, तुझ्या नवऱ्याने एकदा कान धरला तेवढा पुरे." आम्ही हसलो. मीही हसले. हे तुझ्या पत्रात नाही आणि माझ्या मागच्या पत्रातही नव्हतं. आता आहे.

आई तुझ्यासाठी वाळवलेल्या लिंबांची पिशवी पाठवते आहे. मी ती शिवून दिली नाही. तिने स्वतः शिवली, टाके वाकडे आहेत. ती हल्ली माझ्याशी बोलत नाही. जेवताना रय्याला सांगते, "तुझ्या आईला म्हणावं मीठ कमी आहे." मी समोर बसलेली असते.

ईदेला येण्याचं विसर.

जुवैना


हैल-सिद्र, ३ जानेवारी १९९७

खल्फान,

रमजान आठवड्यावर आला आहे आणि मला उपास सुरू होण्याआधी मन मोकळं करायचं आहे. गावात एक मोठी गोष्ट झाली. तुझ्यामुळे झाली आणि माझ्या तोंडून झाली.

मुहन्ना गेल्यापासून दोरीचा पहिला कोणी नाही. डिसेंबरात वादी एकदा आली. कोणी अडकलं नाही, नशीब. पण माणसं नेहमीप्रमाणे काठावर जमली तेव्हा दोरी जमिनीवरच पडून राहिली. फास कोणाच्या कमरेला बांधायचा यावर सगळे एकमेकांकडे बघत होते. शेख हिलालने त्यावर परवा दुपारी सबला भरवला. मला, रय्याच्या आईला, निरोप आला, "उम्म रय्यालाही विचारायचं आहे." मी दारापाशी, पडद्याच्या अलीकडे बसले. इद्दत संपल्यावर एवढ्या पुरुषांचे आवाज पहिल्यांदा ऐकले. सगळे खाकरत होते.

खमीस, मागच्या मळ्यातला, ज्याचे तीन मुलगे आहेत, तो आधी बोलला. "बाईमाणूस अडकलं, पोर वाहून चाललं, पाहुणा चुकून उतरला, तर माझे तिन्ही पोरगे घ्या. पण खांबावर पाणी लालला लागलेलं दिसत असताना जो मिशीला पीळ देऊन उतरतो, त्याच्यासाठी मी मुलगा का घालवू? त्याला मजा, आम्हाला मातम?"

बरेच जण "खरं आहे, खरं आहे" म्हणाले.

सुलैम उठला. मौज़ाचा नवरा, तुझा जन्माचा ऋणी, त्यामुळे त्याचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. तो म्हणाला, "माणूस पाण्यात दिसला की आधी बाहेर काढायचा. शिव्या मग घालायच्या. बुडणारा शहाणा आहे का मूर्ख, हे छपरावरून कसं कळणार? आणि कळलं तरी निवाडा करायला तुम्ही काय काज़ी आहात?"

खमीस म्हणाला, "तुझी बायको वाचली म्हणून तुझी जीभ लांब. जिचा नवरा गेला तिला विचारा."

मग शेखने पडद्याकडे तोंड करून विचारलं, "उम्म रय्या, तुझा हक्क सगळ्यांत मोठा. तू सांगशील ते आम्ही मानू."

सहा महिने जे पोटात उकळत होतं ते मी तिथे ओतलं. म्हणाले, "माझ्या घरातून जो निघाला तो चोराच्या मागे नव्हता गेला, लढाईला नव्हता गेला. एका बकरीसाठी गेला. ज्याला जीव नकोसा झाला आहे त्याने खुशाल जावं, पण त्याने एकट्याने जावं. पाणी लाल पट्ट्याला लागलेलं दिसत असताना जो जाणूनबुजून उतरेल त्याच्यासाठी या गावात हाक नको. माझ्यासारखी दुसरी बाई या पडद्यामागे बसायला नको."

मग शेख म्हणाला, "ठरलं." कॉफी आली आणि पहिला पेला पडद्याआड माझ्याकडे पाठवला. बाईला पहिला पेला, या सबल्यात, कधी ऐकलं होतंस? मी तो प्यायले. कडू होता आणि मला गोड लागला.

तर आता हे असं आहे. बापजाद्यांपासून चालत आलेली हाक तुझ्यामुळे अर्धी झाली. वाच आणि मामाच्या सज्जात बसून लवंगा मोज.

आता तुला एक सांगते, ते कोणाला सांगितलेलं नाही. तू दोन्ही पत्रांत विचारलंस, 'त्या दिवशी हाक कोणी दिली?' मी दोन्ही वेळा उत्तर टाळलं. ती मी दिली. मी छपरावर खजूर पसरत होते. मला गाडी दिसली, टपावरचा तू दिसलास. खाली मुहन्ना जेवायला बसला होता. मला ठाऊक होतं की मी तोंड उघडलं तर सगळ्यांच्या आधी कोण उठणार. तरी उघडलं. तू माझ्या पाठचा भाऊ, मी विचार करायला थांबलेच नाही. एवढ्या जोरात ओरडले की दोन दिवस घसा बसला होता. मयताला आलेल्या लोकांना वाटलं, रडून बसला आहे.

सबल्यात मी जे मागितलं ते म्हणूनही मागितलं असेल. पुन्हा कोणा बाईला ते ओरडावं लागू नये. तू यावर काहीही लिहिणार नाहीस. समजूत तर मुळीच घालू नकोस.

जुवैना


हैल-सिद्र, २९ मार्च १९९७

खल्फान,

ईदेची तुझी पत्रं दोन्ही आली. उत्तर दिलं नाही कारण द्यायचं नव्हतं. हे पत्र त्यांचं उत्तर नाही.

सोमवारी वादी आली. आपल्याकडे ऊन होतं, वर डोंगरात पाऊस झाला असणार. दुपारच्या नमाजानंतर किनाऱ्याकडच्या शहरातले चौघं पोरगे नवी कोरी गाडी घेऊन आले. पोरगे म्हणजे विशी-बाविशीतले, कॉलेजातले. खांबावर लाल अर्धं बुडलेलं होतं. खमीसचा थोरला काठावर होता. त्याने हात करून सांगितलं, "थांबा रे, तासाभरात उतरेल." त्यातला एक खिडकीतून म्हणाला, "काका, ही गाडी यासाठीच केलेली आहे." आणि घातली.

मधोमध गाडी फिरली. तिघं दाराबाहेर पडून कसेबसे पलीकडच्या खडकांना लागले. चौथा वाहत आला तो सिद्राच्या झाडाला अडकला. वादीच्या मध्यावर जे जुनं वाकडं झाड आहे ना, ज्याच्या बोरांसाठी आपण लहानपणी मार खाल्ला, त्याला. फांदीला मिठी मारून तो ओरडत होता.

मी छपरावर होते. लिंबं वाळत घातली होती.

मला तो स्पष्ट दिसत होता. निळा टी-शर्ट. आवाजही येत होता, शब्दांसकट. "ओ काका! ओ काका!" म्हणत होता. मी तोंड उघडलं. आणि मिटलं. म्हटलं, पाणी लालला लागलेलं दिसत असताना उतरला. जाणूनबुजून उतरला. सबल्यात ठरलं आहे. मीच ठरवलं आहे. मुहन्ना आठवला, घास तोंडात असलेला. मी खाली बसले आणि लिंबं उलथायला लागले. खल्फान, मी लिंबं उलथत होते. एकेक करून, नीट, वाळलेली बाजू खाली.

हाक कोणीच दिली नाही. तरी माणसं काठावर जमली, कान कोणाला नसतात? दहा-बाराजण उभे होते. दोरी सुलैमने घरून आणली होती. "पहिला कोण?" म्हणून विचारत तो प्रत्येकापुढे फिरला. खमीस म्हणाला, "हाक कुठे झाली?" कोणी म्हणालं, शेखला येऊ द्या. कोणी म्हणालं, पोलिसांना फोन केलाय, निघालेत. ठाणं आपल्यापासून डोंगरातल्या रस्त्याने तासभर. सुलैमला एक पाय अधू, हे तुला माहीत आहे, तरी शेवटी त्याने फास आपल्याच कमरेला बांधायला घेतला. तो गाठ मारत असताना फांदी मोडली.

किती वेळ ओरडत होता म्हणून विचारशील. मी दोन सुपं लिंबं उलथली एवढा वेळ.

संध्याकाळपर्यंत तो सापडला. मशिदीच्या ओसरीवर ठेवला. अज़्ज़ान नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे आईबाप आले. बाप पुरुषांत बसला. आईला माझ्या घरी आणलं, विधवेचं घर म्हणून, तिला बरं वाटेल म्हणून. माझ्याहून फार मोठी नसेल. तिने कॉफी घेतली, खजूर हातात धरून ठेवला. रडत नव्हती. मला म्हणाली, "बहिणी, त्याने हाका मारल्या असतील ना? त्याचा आवाज फार मोठा. घरात फोनवर बोलायला लागला की मी म्हणायची, हळू बोल, शेजाऱ्यांना कळतं. कोणालाच ऐकू गेलं नाही का?"

मी म्हणाले, "पाण्याचा आवाज फार होता, बाई."

तिने मान हलवली. म्हणाली, "हो, असेल." आणि माझा हात धरला. मला म्हणाली, "तुझाही नवरा याच पाण्याने नेला म्हणतात. तुला माझं दुःख कळेल." जाताना माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

आता तू म्हणशील, चूक त्या पोरांची होती. होतीच! बाहेर आला असता तर मी स्वतः त्याला दोन थोबाडीत दिल्या असत्या, आणि त्याच्या आईच्या हातून आणखी दोन. पण थोबाडीत द्यायला गाल शिल्लक लागतो. वीस वर्षांच्या माजाला मरण ही काय शिक्षा झाली? आणि ती देणारी मी कोण? तुझ्यावर आग पाखडता पाखडता मी कुठे येऊन बसले ते बघ. तू म्हणालास मी कोणाला बोलावलं नव्हतं, आणि माझ्यामुळे खमीस म्हणाला हाक कुठे झाली. तू तुझ्या मजेसाठी हात झटकलेस, मी माझ्या रागासाठी झटकले. फरक इतकाच की तुला वाचवायला माणूस होता, त्याला नव्हता.

पत्र इथे थांबवते.

जुवैना


हैल-सिद्र, २६ एप्रिल १९९७

खल्फान,

तुझ्यावर सलाम असो.

बकरी ईदेच्या तिसऱ्या दिवशी मी सबल्यात गेले. कोणी बोलावलं नव्हतं. पडद्यामागे बसले नाही, दारात उभी राहिले. शेख म्हणाला, "उम्म रय्या, आत बायकांकडे बस." मी म्हणाले, "हाक मी मोडली, ती जोडायला उभीच राहते." आणि त्यांना सांगितलं की मी त्या दिवशी छपरावर होते, मला दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि मी गप्प बसले. हेही सांगितलं की जूनमध्ये ओरडणारी मीच. खमीस खाली बघत होता. त्याने नंतर स्वतःहून सांगितलं की त्या दिवसापासून त्याचा थोरला धड जेवत नाही, "मी हात केला होता, मी हात केला होता" एवढंच म्हणतो.

हाक पुन्हा पूर्वीसारखी झाली. शहाण्यालाही, मूर्खालाही. शिवाय आता पाणी लालला लागलं की खमीसचे पोरगे रस्त्यावर साखळी बांधणार आहेत, आणि ती ओलांडून जो वाचेल त्याने पुढचं अख्खं वर्ष वादी आली की काठावर येऊन दोरी धरायची, मग तो कुठल्याही गावचा असो. ही साखळीची गोष्ट सुलैमने सुचवली. आधी सुचायला हवी होती, पण आम्ही सगळे रागवण्यात गुंतलो होतो.

मग प्रश्न आला, दोरीचा पहिला कोण. पुन्हा सगळे खाकरले. मी तुझं नाव घेतलं.

गलका झाला. "तो? जो बुडवून गेला तो?" मी म्हणाले, "हो, तोच. त्याला पाण्याची भीती नाही ही त्याची खोड आहे, ती जाणार नाही. तेवढी खोड कामाला लावा. आणि काठावरून सुलैम थांब म्हणेल तेव्हा तो थांबेल, नाही थांबला तर त्याचा कान धरायला मी आहे." शेखने विचारलं, "म्हणजे तू त्याला माफ केलंस?" मी म्हणाले, "नाही."

नाही केलं, खल्फान. उगाच आशा लावून घेऊ नकोस. रय्या अजून चपला पुसते. एखाद्या दिवशी तुझा चेहरा बघून मी ताट भिरकावून देईन, तेव्हा गुपचूप बाजूला हो. पण तू तिथे बसून मुहन्नाची जागा भरत नाही. जून येतो आहे, त्याआधी ये. आईला मी सांगितलं, ती अजून रय्यामार्फतच बोलते, पण काल म्हणाली, "तुझ्या आईला म्हणावं, मीठ बरोबर आहे."

आणखी एक काम आहे. आल्यावर सगळ्यांत आधी ते.

मला किनाऱ्यावर अज़्ज़ानच्या आईकडे जायचं आहे. गाडी तू चालव. हळू. तिच्या दारात उभी राहून मला सांगायचं आहे की पाण्याचा आवाज फार नव्हता. मी चार दिवस ते वाक्य मनात जुळवते आहे आणि ते जुळत नाही. सुरुवात समुद्रापासून करावीशी वाटते, तिच्या घरापासून, कशाहीपासून. तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. तीन पानं लवंगा का लिहिल्या होत्यास ते आता कळलं.

तू गाडीतच बस. तिने माझ्या तोंडावर दार लावलं तर मला काही समजावू नकोस. सरळ घरी आण.

जुवैना